आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

समोर येऊन आभार मानायला गेले असते, तर "बरं बरं, आधी सात नंबरची फाइल कुठंय ते सांग" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

पेशंट को-ऑर्डिनेटर म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला अजून शेजाऱ्यांना सांगता येत नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, बिलिंगवालीही नाही. पण राउंड लांबला, रिपोर्ट आला नाही, मंजुरी अडकली, की नातेवाईक माझ्याच टेबलाशी येतात. सगळ्यांत वाईट वेळ डिस्चार्जची. डॉक्टर सकाळी "आज घरी जा" म्हणतात आणि घरचे लगेच गाडी बोलावतात. इकडे डिस्चार्ज समरीवर (आजार-उपचारांच्या सारांशावर) सही व्हायचीय, उरलेली औषधं फार्मसीला परत जायचीत, बिल फायनल करून मंजुरीसाठी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे बघणाऱ्या संस्थेकडे, पाठवायचंय. विमा नियामकाने २०२४ मध्ये या शेवटच्या मंजुरीला ३ तासांची मर्यादा घातली खरी, पण ते तास आपली विनंती पोचल्यापासून मोजतात. आपलेच कागद दुपारी निघाले, तर कंपनीच्या नावाने खडे फोडून काय होणार? शिव्या खायला मी आहेच.

तुम्ही मला संध्याकाळी वॉर्डात बोलवायला लागलात. "उद्या कोण जाणार ते आज विचार." औषधांच्या परतीची यादी रात्रपाळीच्या सिस्टर करू लागल्या आणि ज्युनियर डॉक्टर समरी आदल्या दिवशीच लिहून ठेवू लागले (तुमच्या धाकाने, हेही लिहिते). हे तुमचं काम नव्हतं. इतर मजल्यांवर अजूनही डिस्चार्जला दिवे लागतात.

इंदापूरकडच्या त्या काकू आठवतात? नवऱ्याला अटॅक आलेला, अँजिओप्लास्टी ठरलेली. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. पण त्यांच्या रेशनकार्डावर नवऱ्याचं घरचं नाव होतं आणि आधारवर शाळेतलं. मी विचारलं की त्या फक्त मान हलवायच्या. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "जेवलात का?" त्या जेवल्या नव्हत्या. कॅन्टीनमधून आणलेली पोळीभाजी खाता खाता त्या बोलत्या झाल्या, आणि गावात ओळखीचं कोण आहे, मुलाचा फोन का लागत नाही, सगळं बाहेर आलं. आरोग्यमित्राने (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) तातडीची केस म्हणून फोनवर मंजुरी घेतली, नावाचा दाखला मागाहून गावाकडून आला. जाताना काकूंनी पेढे मला दिले. तेव्हाच सांगायला हवं होतं की पेढे तुमचे आहेत, पण त्या घाईत होत्या आणि पेढे कंदी होते.

सगळ्याच फाइली अशा पेढ्यांनी संपत नाहीत. पेशंट गेल्यावरही बिल करावं लागतं, कागदांवर सह्या घ्याव्या लागतात, आणि ते कागद घेऊन मलाच जावं लागतं. त्या रात्री आयसीयूच्या बाहेर तुम्ही माझ्या हातातली फाइल काढून घेतलीत. "अर्धा तास काही बुडत नाही," म्हणालात, आणि गेलेल्या पेशंटच्या मुलाशेजारी बाकावर जाऊन बसलात. तुमची ड्यूटी संपून तास उलटून गेला होता. बिलिंगला मी काय सांगितलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता सांगते: प्रिंटर बंद आहे म्हणाले.

सोमवारपासून नवी मुलगी रुजू होतेय. पहिले काही दिवस तिला माझ्या टेबलाशी न बसवता सकाळच्या हॅन्डओव्हरला तुमच्याकडे पाठवतेय, तुम्हाला न विचारताच. ओरडायचं असेल तर मला ओरडा. तिला फार प्रश्न पडतात, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
तळमजल्यावरची को-ऑर्डिनेटर