हिरव्या रंगाखालचे हेल्मेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या बाजारावरचा सचित्र लेख आवडला. फक्त एका छायाचित्राखालच्या ओळीने मला गप्प बसू दिले नाही. ‘हिटलरच्या सैनिकाचे १९३५ सालचे अस्सल अँटिक हेल्मेट, किंमत दीड लाख.’ या एका ओळीत तीन चुका आहेत आणि तिन्ही वाचकाच्या खिशाला लागणाऱ्या आहेत.

माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, प्रेसच्या डाया, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, करण्यात गेली. जुनी हेल्मेटे जमवण्याचा नाद त्यातूनच लागला. आधी कड बघायची, मग बाकीचे, ही सवय अजून सुटलेली नाही. जर्मनांच्या १९३५ च्या हेल्मेटची कड आत वळवून गोल केलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या भोकांत वेगळी धातूची बुशे (छोट्या नळीसारखी कडी) बसवलेली असतात. १९४० मध्ये ती बुशे गेली, भोकाचा उंचवटा पत्र्यातच दाबून काढू लागले. १९४२ मध्ये कड वळवणेही सोडून दिले. पत्रा कापला, कड किंचित बाहेर फाकवली आणि काम संपले. कारखान्यातले एक आख्खे ऑपरेशन, म्हणजे कामाचा टप्पा, वाचले. युद्धात घाईला आलेला कारखाना कसा वागतो ते त्या कडेवर स्वच्छ दिसते. तुमच्या छायाचित्रातली कड अशी उघडी, बाहेर फाकलेली आहे. म्हणजे १९३५ चा प्रश्नच नाही.

त्याच हेल्मेटच्या उजव्या बाजूला काळ्या-पांढऱ्या-लाल ढालीचे चिन्ह आहे. जर्मन भूदलाने ही ढाल १९४० मध्येच बंद केली. डाव्या बाजूचे गरुडाचे चिन्हही १९४३ मध्ये गेले. जी कडच १९४२ मध्ये जन्माला आली, तिच्यावर १९४० ला बंद झालेली ढाल कारखान्यात कशी बसेल?

तरी फोटोवरून निवाडा करू नये म्हणून मी जाऊन ते हेल्मेट हातात घेतले. विक्रेता सज्जन निघाला, सावकाश पाहू दिले. आत डाव्या बाजूला कारखान्याचे अक्षर आणि मापाचा आकडा ठोकलेला होता, मागच्या बाजूला लॉट नंबर. ६४ मापाचे कवच (हेल्मेटचा नुसता पत्रा), म्हणजे ५६-५७ सेंटिमीटरच्या डोक्याचे. कवच अस्सल आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र वर जाडसर हिरवा रंग, ब्रशचे ओरखडे दिसतील असा. अस्तर धरणाऱ्या तिन्ही रिव्हेटांच्या डोक्यांवरूनही तोच रंग फिरलेला. मागच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथे भिंग धरले तर हिरव्याखाली करडा थर, त्याखाली पत्रा. आणि गरुड व ढाल बसले होते हिरव्याच्या वर! बॅटरी तिरपी धरली तर डाव्या बाजूला हिरव्या रंगाखाली जुन्या चिन्हाचा उठाव पुसट दिसत होता, नव्या गरुडापासून बोटभर सरकलेला. विक्रेत्याने चुंबक लावून दाखवले. चुंबक काय, पत्र्याच्या बादलीलाही चिकटते.

हा हिरवा रंग कुठून आला, हे लेखात यायला हवे होते. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेला तेव्हा एकट्या नॉर्वेत साडेतीन लाखांवर जर्मन सैनिक होते. त्यांची हेल्मेटे तिथेच राहिली. ज्या देशाला स्वतःचे सैन्य आणि नागरी संरक्षण दल नव्याने उभे करायचे होते, तो चांगल्या पोलादाची टोपली समुद्रात थोडीच फेकणार? नॉर्वेने ती रंगवली, लागतील तिथे अस्तरे-पट्टे बदलले आणि वर्षानुवर्षे वापरली. पश्चिम जर्मनीत १९५१ मध्ये सीमा संरक्षण दल उभे राहिले, त्याच्या डोक्यावरही जुन्याच घाटाचे हेल्मेट होते. खुद्द जर्मनीत पराभवानंतर भांड्यांची इतकी टंचाई की कारखान्यांनी उरलेल्या हेल्मेटांना भोके पाडून, कान जोडून स्वयंपाकघरातल्या चाळण्या केल्या. लांब दांडा लावून शेणखताचे पाणी उपसायची डोणीही केली. माझ्याकडे अशी एक चाळणी आहे. घरातल्यांना संग्रहातली तेवढी एकच वस्तू पटते.

तेव्हा बाजारातले ते हेल्मेट ‘डुप्लिकेट’ नाही आणि ‘हिटलरच्या सैनिकाचे अस्सल’ही नाही. ते युद्धातले कवच आहे, युद्धानंतर दुसऱ्या कुणीतरी, अस्तर-पट्टा पाहता बहुधा नॉर्वेने, पुन्हा वापरात आणलेले. या प्रकाराला जगभर गिऱ्हाईक आहे, पण त्याचा भाव मूळ रंग, मूळ चिन्ह आणि मूळ अस्तर टिकलेल्या हेल्मेटच्या भावाचा एक लहानसा हिस्सा असतो. त्यावर नवे चिन्ह चिकटवले की भाव वाढत नाही, उतरतो. कारण पुढच्या जाणत्या गिऱ्हाइकाला ते आधी काढावे लागते आणि काढताना खालचा रंग जातो. दोन्ही बाजूंना चिन्हे असलेली आणि त्यातही एसएसची (हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाची) चिन्हे असलेली हेल्मेटे सर्वांत महाग, म्हणून बनावट चिन्हांचा सुळसुळाट तिथेच सर्वाधिक. (एसएसच्या चिन्हासाठीच हेल्मेट शोधणारे, हिटलरचे गोडवे गाणारे काही तरुण मला भेटतात. त्यांच्याशी माझे जमत नाही.)

घेणाऱ्याने अस्तराकडेही बघावे. मूळ अस्तर १९३१ च्या नमुन्याचे, धातूच्या पट्टीवर बसवलेली कातड्याची आठ पाने, वर नाडीने ओढलेली. पट्टीवर ‘६४’ आणि ‘५७’ असे जोडआकडे ठोकलेले असतात, ते कवचाच्या आकड्याशी जुळले पाहिजेत. जिथे शिलाई असेल तिथे नोटा तपासायचा निळा दिवा धरा. दोरा पांढराशुभ्र चमकला तर तो युद्धानंतरचा समजायला हरकत नाही, चमक आणणारी ती द्रव्ये धाग्यात नंतर आली. मागे लोखंडी कडी रिव्हेट केलेली असेल तर हेल्मेट बहुधा हंगेरीचे, पुढे बिल्ला अडकवायची पट्टी असेल तर स्पेनचे. दोन्ही दिसायला जर्मन, किमतीला नाही.

‘अँटिक’बद्दल थोडक्यात. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे. पहिल्या महायुद्धातले, कानशिलाजवळ शिंगासारखी दोन नळकांडी असलेले १९१६ चे हेल्मेट त्या वयाचे झाले. हे नाही.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. तुमचा लेख सातारा-कोल्हापूरकडेही वाचला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो तिथेच. त्या आघाडीवरून परतलेल्या एखाद्या जवानाने ट्रंकेत जर्मन हेल्मेट आणले असेल, तर ते कुठल्याही कारखान्यात पुन्हा न रंगलेले, मूळ रंगातले असण्याची शक्यता मोठी. दीड लाखाचा आकडा वाचून त्याच्या नातवाने ते माळ्यावरून काढले आणि ‘जरा चकाचक करू’ म्हणून त्यावर पॉलिश पेपर फिरवला, तर वाट लागली. आमच्याच सोसायटीत एकाने असा प्रकार केला. घासून, वर सिल्व्हर मारून, काचेच्या कपाटात ठेवलेय.

म्हणून विनंती, दुरुस्ती छापाल तेव्हा एवढे जरूर छापा. गंज असला तरी रॉकेल, लिंबू, पॉलिश पेपर काही लावू नये. सुक्या मऊ फडक्याने धूळ झटकावी आणि जुन्या सुती पंचात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. कातडे कडक झाले असेल तर वाकवू नये, पट्टा तुटला असेल तर शिवू नये. आजोबांचे डिस्चार्ज बुक, पलटणीचे नाव, एखादे पत्र, फोटो, जे असेल ते हेल्मेटसोबतच ठेवावे आणि विकायचे ठरलेच तर वेगळे करून विकू नये. ते कुठून, कसे आणले हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल, तर ते आजच तारीख घालून लिहून घ्यावे आणि खाली त्यांची सही घ्यावी.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर
चिंचवड, पुणे