बारा लाख एकशे पन्नास रुपयांचा मेंटेनन्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीत गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मेंटेनन्सचं बिल आलं, बारा लाख एकशे पन्नास रुपयांचं. आजी जिना उतरून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, अख्खी बिल्डिंग माझ्या नावावर करताय का?’ खजिनदार मी आहे. बिलाचं पान बनवलं होतं आमच्याच इमारतीतल्या डिप्लोमाच्या मुलानं, जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत. तो बिचारा घाम पुसत लॅपटॉप घेऊन आला.

महिन्याचे १२००, आजींची मागची बाकी १५०, म्हणजे १३५० व्हायला हवेत. पण वेबपानावरच्या चौकटीत आपण जे टंकतो ते ब्राउझर अक्षरं म्हणूनच हातात देतो, मग ते आकडे का असेनात. आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्हाकडे दोन कामं आहेत. दोन्हीकडे संख्या असतील तर बेरीज, एकीकडे जरी अक्षरं असली तर चिकटवाचिकटवी. १२०० ला १५० चिकटले आणि झाले १२००१५०.

खरी गंमत पुढे आहे. वजा, गुणिले, भागिले या चिन्हांना चिकटवणं ठाऊकच नाही. त्यामुळे ती समोर आलेल्या अक्षरांची मुकाट्यानं संख्या करून घेतात. म्हणून ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांची वजाबाकी बिनचूक आली. ज्यांची बाकी नव्हती त्यांची चौकट रिकामी होती, आणि १२०० ला रिकामं काही चिकटवलं तरी दिसायला १२०० च. बाकीदार एकट्या आजीच होत्या. तेवीस बिलं बरोबर, एक चूक. रीत चुकलेली पण उत्तर बरोबर अशी वही मी एकतीस वर्षं तपासली आहे. तिला पकडायला नेमकं एक गणित लागतं. ते आजींनी पुरवलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. चौकटीतली किंमत ‘नंबर’च्या कंसात घातली की बेरीज होते. मी विचारलं, ‘हे क्लासमध्ये सांगितलं नव्हतं का?’ त्यानं नोट्स दाखवल्या. चिन्हांचा तक्ता सुबक अक्षरात उतरवलेला: अधिक म्हणजे बेरीज, तारा म्हणजे गुणाकार, तिरकी रेघ म्हणजे भागाकार, टक्क्याचं चिन्ह म्हणजे मॉड्युलस. शेवटच्यावर बोट ठेवून अर्थ विचारला तर म्हणाला, ‘टक्केवारीच असेल ना, बाई.’

नाही. ते चिन्ह भागाकारातली बाकी देतं. आणि हा पठ्ठ्या पुढच्या महिन्यापासून थकबाकीवरच्या व्याजासाठी ‘१२०० % १८’ असं लिहून बसला होता. वर्षाला १८ टक्क्यांनी १२०० रुपयांवर महिन्याचं व्याज १८ रुपये होतं. १२०० ला १८ ने भागून उरते १२. बारा लाखांवर आजी तरी ओरडल्या, या १२ रुपयांवर कोणी ब्रसुद्धा काढला नसता. (मराठीत थकलेल्या पैशालाही बाकी आणि भागाकारात उरलेल्यालाही बाकी, हे त्याला सांगितलं तेव्हा कुठे तो हसला.) याच चिन्हाचा आणखी एक खोडकरपणा आहे. उणे ७ ला ३ ने भागल्यावर जावास्क्रिप्ट बाकी उणे १ सांगते, पायथॉन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा मात्र बाकी २ सांगते. आम्ही फळ्यावर शिकवलं ते पायथॉनसारखं, बाकी कधी उणे नसते.

यंत्राचा दोष असा नाही. उलट काही बाबतींत ते आमच्यापेक्षा चांगलं शिकवतं. ‘कंचेभागुबेव’ घोकलेली मुलं १० − ३ + २ मध्ये ‘बे’ आधी म्हणून बेरीज उरकतात आणि ५ लिहितात. जावास्क्रिप्ट डावीकडून चालते आणि ९ देते. उणे २ चा वर्ग लिहिताना कंस न घालता दोन तारे टाकले (घाताचं हे चिन्ह तिथे २०१६ साली आलं) तर ती उत्तरच देत नाही, कंस घाला म्हणून अडून बसते. एक्सेल मात्र तेच बिनदिक्कत ४ सांगतं. हे पाहिलं तेव्हा मी खरोखर टाळी वाजवली. ५ भागिले ० ला ती अनंत म्हणते, भास्कराचार्यांच्या ‘खहर’ची, म्हणजे शून्यानं भागलेल्या राशीची, आठवण व्हावी असं. दशांश चिन्हांशी मात्र जपून. ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३ नंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४ लटकतो, कारण आत सगळं ० आणि १ या दोनच अंकांत चालतं आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. हिशेब पैशांत ठेवावा, रुपयांत नव्हे.

ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. तेव्हाच्या सवयी आता बदलल्या तर जगभरची जुनी पानं मोडतील, म्हणून त्या तशाच आहेत. पीएचपी या वेबपानांसाठीच्या दुसऱ्या भाषेनं चिकटवण्याला वेगळं चिन्ह दिलं, टिंब. तिथे अधिक म्हणजे अधिकच. आजींचं बिल त्यात बरोबर आलं असतं.

आजींची एक मागणी होती, बिल मराठी आकड्यांत हवं. ते सोपं निघालं. भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की जावास्क्रिप्ट १,२५,००० असं स्वल्पविरामासकट आपल्या पद्धतीनं लिहून देते. पण तेच आकडे चौकटीत मराठीत टंकले की म्हणते, ‘नॅन’, ही संख्याच नव्हे! लिहिता येतं, वाचता येत नाही. शेवटी त्या मुलानं शून्य ते नऊ या दहा मराठी अंकांची इंग्रजी अंकांशी जोडी स्वतः लावली. ते त्यानं कोणाला न विचारता केलं, याचं मला कौतुक आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आलं आहे. शाळांना आणि क्लासचालकांना माझी विनंती एवढीच, की पहिले दोन आठवडे त्या तासाला गणिताचे शिक्षक बसवा. तक्ता उतरवून घेऊ नका. चौकटीत १५० टाकायला लावा, रिकामी सोडायला लावा, उणे टाकायला लावा, आणि काय येईल ते आधी वहीत लिहून घ्या. मराठी आकडेही टाकून बघू द्या.

आजींनी १३५० रुपये रोख दिले. पावती मात्र माझ्याकडून हातानं लिहून घेतली, अक्षरी रकमेसह.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा