डाळीच्या पाण्यावर बाळ कसं वाढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की स्तनपान सप्ताहाचे फोटो, रांगोळ्या, पोस्टर सगळं तुमच्या पेपरात येतं, चांगलंच आहे, मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे त्यामुळे तसल्या रांगोळ्या आम्हीच काढतो. आणि खोटं कशाला बोलू, फरक पडलाय. आधी चीक पिळून टाकायचे, बाळाला मध चाटवायचे, आता नव्या पोरी आपणहून सांगतात चीक पाजला म्हणून (गुटी काही घरांत अजून लपून उगाळतात, असो). 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिन्यांच्या आतली 64 टक्के बाळं निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. पण त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या पोरांत पुरेसा आहार मिळणारी निघाली जेमतेम 11 टक्के, आणि त्याच्यावर कुणी रांगोळी काढत नाही.

आमच्याकडे उष्टावण थाटात होतं. मामा येतो, चांदीच्या वाटीत खीर, फोटो, लगेच स्टेटसला. दुसऱ्या दिवसापासून डाळीचं पाणी सुरू. डाळ शिजली की खाली बसते, वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालची डाळ फोडणीला. विचारलं तर म्हणतात घट्ट दिलं तर घशात अडकेल, पचायचं नाही, दात तरी कुठं आलेत. अहो पण पाण्यानं पोट भरलं की बाळ दूधही कमी पितं, वर जन्मताना अंगात असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधातून तेवढं लोह मिळत नाही. कार्डावरची वजनाची रेघ सहाव्या महिन्यापर्यंत छान चढत जाते आणि आठव्या-नवव्यात आडवी पडते, कितीतरी पोरांचं असंच बघते मी. चमचा तिरका केला तरी ओघळून जाऊ नये इतकं घट्ट पाहिजे, मऊ वरण-भात कुस्करून वर थोडं तूप नाहीतर तेल, खात असाल तर उकडलेलं अंडं कुस्करून, एवढं साधं आहे. वेगळा स्वयंपाक करायची पण गरज नाही, तिखट घालायच्या आधी बाळाचं बाजूला काढा.

आणि दरवेळी आईलाच बोलणं बंद करा. ती बाई बाळ सहा महिन्याचं व्हायच्या आत खुरपायला जाते, 26 आठवड्यांची पगारी रजा नोकरीवालीला, रोजंदारीवालीला कुठली? मीटिंगला आम्ही आईला बोलावतो, तिला सगळं पाठ असतं, पण दिवसभर चमचा असतो आजीच्या हातात. आजीचं काही वाईट नाही हो, मायेनंच करते, पण पोर रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट, नाहीतर दुकानातली पाच रुपयांची पुडी. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराचं, म्हणजे टीएचआरचं पाकीट मात्र गोड लागत नाही म्हणून शेरडापुढं जातं, त्याच्या चवीबद्दल वरच्या लोकांनी कधीतरी विचार करावा हे वेगळं.

तर विनंती अशी की तुमच्या रविवारच्या पुरवणीत पनीरच्या रेसिपी येतात तिथं एक चौकट बाळाच्या खाण्याची द्या, दर महिन्याला एक, सातव्यात काय, नवव्यात काय, वाटी किती. अक्षर जरा मोठं ठेवा, आजीला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. मी कापून अंगणवाडीच्या दारावर लावते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. सोलापूर