कॉलेज मान्यताप्राप्त आहे, पण कोणत्या राज्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘ॲक्रेडिटेशन (दर्जाची मान्यता) असलेलंच विद्यापीठ निवडा’ हा त्यातला सल्ला चुकीचा नाही, पण अमेरिकेत राहून असा कोर्स करणाऱ्याला तो अपुरा पडतो. इथे नवऱ्याच्या नोकरीमागे एच-४ व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी मुली शिक्षिका, नर्स किंवा समुपदेशक व्हायचं म्हणून ऑनलाइन कोर्सला नाव घालतात. बरेचदा फीसाठी सासर-माहेरची मदत असते. त्या घरांतही आपला पेपर वाचला जातो, म्हणून हे पत्र.

आपल्या डोक्यात यूजीसी पक्की बसलेली आहे. दिल्लीहून मान्यता आली की ती देशभर चालते, असा आपला अनुभव. अमेरिकेत यूजीसी नाही. ॲक्रेडिटेशन देणाऱ्या संस्था खासगी असतात आणि त्या शिक्षणाचा दर्जा तपासतात. पदवी देण्याची परवानगी मात्र राज्य देतं. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या हातात मुख्यतः विद्यार्थ्यांच्या कर्जाची आणि अनुदानाची थैली असते, आणि ती थैली सोडताना ते अटी घालतं. कॉलेज आणि विद्यार्थी एकाच राज्यात होते तोवर यात अडचण नव्हती. कॉलेज ॲरिझोनात आणि विद्यार्थिनी न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेली, असं झाल्यावर प्रश्न आला, की परवानगी कोणाची घ्यायची?

विद्यार्थी जिथे बसतो त्या राज्याची, असं उत्तर केंद्रीय शिक्षण खात्याने २०१० साली नियम करून दिलं. राज्यांचे कायदे आधीपासून होतेच, फक्त कोणी फारसं विचारत नव्हतं. आता कॉलेजांची धावपळ झाली. एका राज्यात नुसतं पत्र पुरे, दुसऱ्यात हजारो डॉलर फी आणि वर हमीची रक्कम, तिसऱ्यात दरवर्षी नव्याने अर्ज. कॉलेजांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि नियम करण्याची पद्धत चुकली म्हणून कोर्टाने २०११ मध्ये तो रद्द केला. पुढच्या वर्षी अपिलातही तेच झालं. पण राज्यांचे स्वतःचे कायदे त्यामुळे कुठेही गेले नाहीत. त्याच २०१२ साली मिनेसोटा राज्याने कोर्सेरा या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या कंपनीला कळवलं, की आमच्या परवानगीशिवाय आमच्या रहिवाशांना कोर्स शिकवता येणार नाहीत. ते कोर्स चक्क फुकट होते! देशभर हसं झाल्यावर राज्याने सारवासारव केली, की फुकट आणि पदवी न देणाऱ्या कोर्सला हे लागू करणार नाही.

हा गुंता सोडवायला राज्यांनी आपसात एक करार केला. त्याचं नाव सारा. २०१४ मध्ये इंडियाना पहिलं आलं आणि आज एकोणपन्नास राज्यं त्यात आहेत. एमएच-१२ पासिंगची गाडी कर्नाटकात चालते, तसाच हा प्रकार: कॉलेजला त्याच्या मूळ राज्याने मंजुरी दिली की बाकीची सदस्य राज्यं ती मानतात. कॅलिफोर्नियाने मात्र हे लिहीपर्यंत सही केलेली नाही. तिथली ग्राहक संघटनांची मंडळी म्हणतात, की आमच्या विद्यार्थ्याला बाहेरच्या कॉलेजने फसवलं तर त्याची दाद आम्हीच घेणार, दुसऱ्या राज्यावर का सोडायची? मला त्यांचं पटतं. सारामध्ये तक्रार आधी कॉलेजकडे आणि मग कॉलेजच्या मूळ राज्याकडे जाते. म्हणजे न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनीचं गाऱ्हाणं दोन हजार मैलांवरच्या कचेरीत, आणि त्या कचेरीला तिच्यापेक्षा आपल्या कॉलेजची काळजी जास्त असू शकते. अर्थात कॅलिफोर्नियाच्या हट्टाची किंमतही विद्यार्थ्यांनाच मोजावी लागली. बाहेरच्या सरकारी आणि ना-नफा कॉलेजांविरुद्ध तक्रार कुठे करायची याची व्यवस्थाच त्या राज्यात नव्हती. पुढे आलेल्या केंद्राच्या नव्या नियमात तर अशी व्यवस्था असणं ही मदतीची अट होती. त्यामुळे जुलै २०१९ मध्ये तिथल्या हजारो ऑनलाइन विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत थांबणार अशी घोषणा झाली. मग राज्याने घाईघाईने तक्रार खिडकी उघडली आणि काही आठवड्यांत तो प्रश्न मिटला.

हे सगळं कॉलेजने बघायचं, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. आपला संबंध खरा पुढे येतो. सारा फक्त शिकवण्याची परवानगी देतं. त्या शिक्षणावर तुम्हाला नोकरीचं लायसन्स मिळेल याची हमी ते देत नाही. शिक्षक, नर्स, समुपदेशक, अकाउंटंट यांचं लायसन्स प्रत्येक राज्याचं बोर्ड आपापल्या अटींवर देतं. शिक्षकांचंच घ्या. टेक्ससची परीक्षा टेक्सेस, न्यू जर्सीची प्रॅक्सिस, कॅलिफोर्नियाच्या आणखी वेगळ्या. शाळेत किती तास प्रत्यक्ष शिकवलं पाहिजे, कोणते विषय झाले पाहिजेत, तेही सगळीकडे सारखं नाही.

माझ्या मैत्रिणीने टेक्ससमध्ये असताना तिसऱ्याच राज्यातल्या एका कॉलेजचा शिक्षक होण्याचा ऑनलाइन कोर्स घेतला. कॉलेज ॲक्रेडिटेशनवालं, साराचं सदस्य, कागदोपत्री कुठे बोट ठेवायला जागा नाही. नवऱ्याचं प्रोजेक्ट बदललं आणि दोघं न्यू जर्सीत आली. तेव्हा कळलं, की कॉलेजच्या वेबसाइटवरच्या यादीत न्यू जर्सीपुढे ‘निश्चित केलेले नाही’ असं लिहिलेलं होतं. कॉलेज म्हणालं, तुम्ही पत्ता बदलल्याचं आम्हाला कळवलंच नाहीत. नियमाने त्यांचं खरं होतं. तिला इथे वेगळे कोर्स करून वेगळी परीक्षा द्यावी लागली, आणि आधी भरलेल्या पैशांचं कोणी नावही काढलं नाही.

ती यादी कॉलेजं हौसेने लावत नाहीत. २०२० साली केंद्राच्या नियमाने ती सक्तीची झाली: लायसन्सच्या कोर्ससाठी प्रत्येक राज्यात आपला अभ्यासक्रम तिथल्या अटींत बसतो, बसत नाही, की कॉलेजने तपासलेलंच नाही, हे तेव्हा जाहीर सांगायचं होतं. १ जुलै २०२४ पासून नियम आणखी कडक झाला. केंद्रीय मदत घेणाऱ्या कोर्सला नवीन विद्यार्थी घेताना तो ज्या राज्यात राहतो तिथल्या शैक्षणिक अटी पूर्ण होतात याची खात्री कॉलेजनेच करायची, किंवा आपण अमुक दुसऱ्या राज्यात नोकरी करणार असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. लहान कॉलेजं कुरकुरतात, की पन्नास बोर्डांचे नियम आम्ही किती वाचायचे? त्यांच्या अडचणीची मला कल्पना आहे. पण पन्नास बोर्डांचे नियम फोडून बघणं कॉलेजला जड जात असेल, तर दोन लहान मुलं सांभाळून रात्री असाइनमेंट करणाऱ्या बाईला ते कसं झेपावं?

अशा कोर्सला नाव घालणाऱ्यांनी ॲडमिशनवाल्या गोड आवाजाला विचारू नये, जागा भरणं हे त्याचं काम आहे. ज्या राज्यात राहता तिथल्या बोर्डाला ईमेल करून विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. बदली होणार असं कळताच कॉलेजला नवा पत्ता लेखी कळवावा, कारण तुम्ही कुठे आहात हे कॉलेज प्रवेशाच्या वेळच्या आणि नंतर तुम्ही रीतसर कळवलेल्या पत्त्यावरूनच धरतं. आयटीवाल्यांच्या घरात तर बदली ठरलेलीच.

आणि पुण्यात बसून अमेरिकी कॉलेजचा कोर्स करणाऱ्यांना सारा मुळीच लागू नाही, तो करार अमेरिकेतल्या राज्यांपुरता आहे. आपल्या लेखात हे आलं नव्हतं. पुढच्या अंकात एक चौकट देता आली तर पाहावं.

आपली,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)