दिवाळीनंतरचं घर आवरणाऱ्या आमच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

दिवाळीला आलेल्या सगळ्यांनी निघताना माझं कौतुक केलं. चकल्या खुसखुशीत झाल्या, पाहुणचार छान झाला, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. पाहुण्यांची गाडी वळली आणि मागे जे घर उरलं, ते मात्र तुम्ही ताळ्यावर आणलंत. त्याबद्दल तुम्हाला कोणी दोन शब्द बोललं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

नाशिकला घर असलं की पाहुणे नुसत्या भाऊबीजेपुरते येत नाहीत. एक दिवस त्र्यंबकेश्वर, एक दिवस वणीचा गड, मग पंचवटीत काळाराम, रामकुंडावर स्नान, आणि मधल्या सकाळी मिसळ. माणसं आली याचा मला आनंदच आहे. पण ओले टॉवेल, माळ्यावरून काढलेल्या गाद्या, गॅलरीत सांडलेलं पणत्यांचं तेल, बाथरूमच्या फरशीला चिकटलेलं उटणं, फटाक्यांच्या धुराने काळवंडलेल्या खिडक्यांच्या जाळ्या, हे सगळं एकदम अंगावर आलं. त्यात आमच्या सासूबाईंना दमा. दिवाळीच्या धुरानेच त्यांचा श्वास जड झाला होता. आता झाडझूड काढली तर धूळ उडणार, आणि नाही काढली तर ती घरातच राहणार.

तुम्ही आल्या आल्या झाडूला हात लावला नाहीत. आधी विचारलंत, "आजींना कुठं बसवायचं?" त्यांना मागच्या खोलीत बसवून दाराच्या फटीला ओलं फडकं लावलंत. मग जुना अभ्रा मागून घेतलात आणि स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यावर, उशीला घालतात तसा चढवलात. दोन्ही हातांनी वरून दाबत तो सावकाश बाहेर ओढलात, तशी वर्षभराची काळी धूळ आतल्या आत गोळा झाली. खाली एक कणही पडला नाही. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि बघतच राहिले. जळमटंही कुंच्याला ओलं कापड गुंडाळून काढलीत. वरचं सगळं झाल्याशिवाय फरशीकडे वळायचं नाही, हा तुमचा नियम. गाद्या घरात झटकू दिल्या नाहीत. गच्चीवर नेऊन काठीने बडवल्या आणि दिवसभर उन्हात टाकल्या.

बाथरूममधली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे नळांवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो. कपाटात अ‍ॅसिडची बाटली होती, शेजारीच ब्लीचची. तुम्ही दोन्ही बाटल्या उचलून बाजूला ठेवल्यात आणि म्हणालात, "आजींच्या छातीला हा वास सोसायचा नाही. आणि ही दोन एकत्र तर कधीच नाही." अगदी खरं आहे. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो धडधाकट माणसालाही घातक ठरतो, दम्याच्या माणसाचं तर विचारूच नका. त्याऐवजी तुम्ही कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलंत, फडकी त्यात भिजवून नळांना गुंडाळलीत आणि तोवर दुसऱ्या कामाला लागलात. तासाभराने थर नुसत्या घासणीने निघाला. मात्र स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावर लिंबाचा एक थेंबही पडू दिला नाहीत, कारण आंबटाने तो दगड खाल्ला जातो, चकाकी जाते. ओट्यामागच्या टाइल्सवर तळणाचा चिकट थर होता. तिथे गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे. चिमणीची स्टीलची जाळीही त्यातच बुडवलीत. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण मात्र वेगळं काढून साध्या साबणाने धुतलंत, सोड्याने ते काळं पडतं म्हणून.

आणि ती पांढरी चादर! मिसळीचा रस्सा सांडून झालेला हळदीचा डाग साबण लागताच लाल झाला, तेव्हा मी ती चादर सोडूनच दिली होती. तुम्ही ती नीट खळबळून उन्हात घातलीत. कार्तिकातल्या त्या लख्ख उन्हाने संध्याकाळपर्यंत डाग उडाला. गॅलरीतल्या तेलावर तुम्ही कोरडी कणीक भुरभुरून ठेवली होतीत, तीही सकाळी तेल पिऊन गोळा झाली होती.

त्या रात्री सासूबाई पंप न घेता झोपल्या. मावशी, माझे आभार मुख्यतः ह्यासाठी आहेत. घर चकचकीत करून देणारी माणसं पैसे मोजले की मिळतात. पण आपल्या घरातल्या आजारी माणसाचा श्वास डोक्यात ठेवून प्रत्येक फडकं, प्रत्येक बाटली निवडणारं माणूस मिळणं हे आमचं भाग्य. हे नुसतं कष्टाचं काम नाही, जाणकारीचं आहे, आणि त्या जाणकारीला मोल मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. दिवाळीनंतरच्या ह्या मोठ्या साफसफाईची मजुरी यापुढे वेगळी द्यायची, बोनसमध्ये धरायची नाही. ती ह्या महिन्यापासूनच सुरू. आणि दुसरं, घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमची नोंदणी अजून झालेली नाही असं तुम्ही मागे म्हणाला होतात. सोमवारी आधार कार्ड आणि फोटो घेऊन या, आपण दोघी मिळून कामगार कार्यालयात जाऊ. तुम्ही आमच्याकडे काम करता असा दाखला लागला तर मी सही करून देते.

तुमची,
इंदिरानगरची ताई