छाटात गेलेली नावं

सोलापूर,
१९ जुलै २०२५

प्रिय मिल्या,

काय करलालास बे? मंगळवारी रात्री तुझे सात मिस्ड कॉल होते. फोन उचलला नाही कारण मी पाणी भरत होतो. अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांची नामांकनं आपल्याकडच्या रात्री नऊला जाहीर व्हायची होती, आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी सुटायलाही नेमका तोच मुहूर्त लागला. चौथ्या दिवशी आलेलं पाणी सोडून हॉलिवूड बघत बसलो असतो, तर बायकोनं मलाच बॅरलमध्ये घातलं असतं. तेव्हा एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाईल, अशी मी ती यादी वाचली. पुढचे तीन दिवस तू व्हॉट्सॲपवर जो दंगा घातलास तो वाचला. उत्तर पत्रानंच देतोय. फोनवर तू बोलू देत नाहीस, आणि मला एक गोष्ट सलग सांगायची आहे.

आधी तुझ्या तक्रारी घेतो. ‘स्क्विड गेम’ला भोपळा मिळाला म्हणून तू एवढा का चिडलास? २०२२ साली पहिल्या सीझनला १४ नामांकनं होती. इंग्रजी नसलेली मालिका सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेच्या यादीत तेव्हा पहिल्यांदा आली आणि ली जंग-जे अभिनयाचं बक्षीस घेऊन गेला. दुसऱ्या सीझनला शून्य. पण खरं सांग, दुसरा सीझन तू तरी एका बैठकीत संपवलास का? मी तर चौथ्या भागात झोपलो होतो. ‘अँडोर’ला १४ नामांकनं आणि ज्याच्या खांद्यावर ती मालिका उभी आहे त्या दिएगो लुनाला अभिनयाचं एकही नाही, ही तुझी तक्रार मात्र मान्य. वरातीला सगळं गाव बोलवायचं आणि नवरदेवालाच निरोप द्यायचा विसरायचा, तसं झालं ते.

चांगलंही घडलं की. हॅरिसन फोर्डला दोनच दिवस आधी ८३ वर्षं पूर्ण झाली आणि एमीच्या यादीत हे त्याचं पहिलंच नाव. ‘ईआर’ या हॉस्पिटलवरच्या मालिकेच्या दिवसांत सलग पाच वर्षं नामांकन घेऊन रिकाम्या हातानं घरी गेलेला नोआ वायली, १९९९ नंतर आत्ता परत आला, तोही पुन्हा डॉक्टरच होऊन. आणि तो १५ वर्षांचा ओवन कूपर! ‘ॲडोलसन्स’चा तिसरा भाग तू पुन्हा बघ. एक खोली, एक पोरगा, समोर एक बाई, आणि कॅमेरा सुरू झाला की भाग संपेपर्यंत कट नाही. त्या पोराचं आयुष्यातलं हे पहिलंच काम, आणि शूटिंगची सुरुवातही याच भागानं झालेली. मध्येच त्याला खरीखुरी जांभई येते. समोरची एरिन डोहर्टी जराही न डगमगता त्याला विचारते, कंटाळा येतोय का तुला? पोरगा किंचित हसतो. हे लिहिलेलं नव्हतं. ते बघताना मला कोण आठवलं असेल? सांगतो, थांब.

आमच्या शेजारच्या अक्का तुला आठवतात ना, विड्या वळणाऱ्या? सूप मांडीवर, नजर टीव्हीवर, आणि बोटं आपोआप चालू. त्यांची मालिकेतली लाडकी सासू वाहिनीच्या पुरस्कारांत नामांकनात आली नाही म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, म्हणजे तसं त्या म्हणतात. आपल्याकडे वाहिनी आपल्याच मालिकांना पुरस्कार देते, घरचंच लग्न आणि आहेरही घरचाच, तरी रुसवे-फुगवे व्हायचे ते होतातच. तर मी जिन्यात उभा राहून दिएगो लुनावरून एकटाच चरफडत होतो. अक्कांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे छाटात काढलं की त्याला.”

मिल्या, याच्याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा माणूस कट्टे हातात घेतो आणि त्यातल्या काही विड्या बाजूला फेकतो. तो छाट. पान फाटलं, तंबाखू कमी पडला, कधी काहीच कारण नाही. पान, तंबाखू, हात सगळं तेच, पण छाटाला मजुरी नाही. अक्का म्हणाल्या, कमी पैसे मिळाल्याचं एवढं वाटत नाही, आपल्यासमोर बाजूला टाकतात त्याचं वाटतं.

आता तुझा जुना वाद. ‘बेटर कॉल सॉल’ला सगळी वर्षं मिळून ५३ नामांकनं आणि एकही एमी नाही, यापेक्षा मोठा अपमान नाही, असं तू म्हणतोस. मला ते पटत नाही. ५३ वेळा नाव वाचलं गेलं ना? त्यातल्या ऱ्हिया सीहॉर्नचं बघ. मालिका २०१५ ला सुरू झाली. तिनं केलेली किम वेक्सलर नसती तर अर्धी मालिका कोसळली असती. आणि त्या बाईचं नाव यादीत यायला २०२२ उजाडलं. एवढी वर्षं दर जुलैत शेजारच्या सगळ्यांची नावं ऐकायची, टाळ्या वाजवायच्या, आणि परत सेटवर जायचं. हरणाऱ्याला निदान खुर्ची तरी असते.

शिवाय हे सगळं सुरू होतं एका अर्जापासून. तिथं कुणी दिवा घेऊन गुणी नट शोधत फिरत नाही. नाव पाठवावं लागतं, फी भरावी लागते, मग नटांना नट मतं देतात. २०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या वाहिनीनं ग्वेंडोलिन क्रिस्टीचं नाव पाठवलंच नव्हतं. तिनं स्वतः २२५ डॉलर भरून अर्ज केला आणि नामांकन मिळवलं. ॲल्फी ॲलन आणि कॅरिस व्हॅन हाउटन यांनीही तेच केलं, तिघांचीही नावं यादीत लागली. म्हणजे अर्ज भरला नसता तर? आपण सगळ्यांनी परीक्षकांच्या नावानं बोटं मोडली असती, आणि परीक्षकांपर्यंत कागदच गेला नसता.

इथंच माझी गोष्ट येते. एकांकिकेचं ते वर्ष. वॉचमनचं काम करणारा पोरगा पंधरा दिवस आधी पळाला आणि तुला उभं केलं. टेलिफोनची घंटा वाजायची होती, वाजलीच नाही. आत साउंडवाला घामाघूम, स्टेजवर सगळे गार. तू रिसीव्हर उचललास, कानाला लावलास आणि म्हणालास, “बिल भरलं नाही वाटतं साहेबांनी.” थिएटर कोसळलं. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. ओवन कूपरच्या जांभईला मला तूच आठवलास.

बक्षिसाच्या दिवशी तू भावाचा पांढरा शर्ट घालून आला होतास, कॉलरला इस्त्रीचा पिवळा डाग. अभिनयाची तीन बक्षिसं झाली, मग उत्तेजनार्थ दोन. प्रत्येक नावाआधी तू खुर्चीच्या कडेला सरकायचास आणि नंतर मागं टेकायचास. पाचव्यांदा टेकलास तेव्हा माझ्याकडं बघून हसलास.

प्रवेशअर्ज मी भरला होता. पात्रपरिचयात वॉचमनच्या पुढं मी पेन्सिलीनं ‘नंतर कळवतो’ लिहिलं, कारण तेव्हा तू ठरला नव्हतास. नंतर कळवायचं राहून गेलं. तीन वर्षांपूर्वी त्या वेळच्या आयोजकांपैकी एक गृहस्थ पार्क चौकात चहाच्या गाडीवर भेटले. तुझा विषय निघाला. म्हणाले, “तो वॉचमन ना? परीक्षकांनी विचारलं होतं हो, पण गुणपत्रिकेत त्याचा रकानाच नव्हता.” चहा तसाच ठेवून मी घरी आलो.

तू १९ वर्षं त्या परीक्षकांना शिव्या देतोयस. त्यातली १६ वर्षं मीही मनापासून दिल्या. गेली तीन वर्षं नुसता ‘हो ना’ म्हणतोय. परवा तू लुनासाठी लिहिलंस, “आपल्यासारख्याचं नाव घ्यायला यांची जीभ उचलत नाही,” आणि मग मला हे लिहायला बसावंच लागलं.

सोहळा १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आपल्याकडं १५ ची पहाट. सोमवार असला तरी रजा टाक आणि रविवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं ये. शिव्या फोनवर देऊ नकोस, समोर दे. अक्कांनाही ऐकू दे. फक्त त्या रात्री पाणी येणार असेल, तर आधी दोन बॅरल भरून घेऊ.

तुझा,
राजा