कोनाड्यातला कप

चि. मयूर यास,
अनेक आशीर्वाद.

मराठी भाषा गौरव दिनाला तू महाविद्यालयात अहिराणीतून जे भाषण केलेस, त्याचा व्हिडिओ तुझ्या बाबांच्या फोनवर आला आणि आम्ही दोघांनी तो दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा मी एकटीने पाहिला. पहिल्या वर्षी वसतिगृहातली मुले तुझ्या 'मना-तुना'ला हसली, तेव्हापासून तू घरच्या फोनवरही जपून बोलू लागला होतास आणि 'माय' म्हणणारा माझा आंडोर, माझा लेक, एकाएकी 'आई' म्हणू लागला होता. तोच तू भरल्या सभागृहात आपल्या बोलीत न अडखळता बोललास, याने माझा ऊर भरून आला. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून तुला वाटेल की मायने कौतुक दोन ओळींत उरकले आणि चूक काढायला पानभर घेतले.

एक चूक तर लगेच सांगून टाकते. तू बहिणाबाईंची गाणी अहिराणीतली म्हणालास, पण ती आपल्या अहिराणीत नाहीत. ती आसोदे-जळगावकडच्या लेवा बोलीत आहेत. अर्धा खानदेश ही गल्लत करतो, पण व्यासपीठावरून बोलणाऱ्याने ती करू नये. मला त्यांच्याविषयी दुसरेच काही सुचवायचे आहे. 1880 साली जन्मलेल्या त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते; वावरात आणि जात्यावर सुचलेले मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, उतरवून घेतले म्हणून राहिले. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये पुस्तक निघाले. ज्यांच्या घरात लिहिणारा मुलगाच नव्हता, कारण त्या मुलाला शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नव्हते, त्यांच्या गाण्यांचे काय झाले असेल, हे तुझे भाषण ऐकताना माझ्या मनात आले.

तू 'आमनी संस्कृती' म्हणालास आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके, कानबाईचे रोट, कळण्याची भाकरी, भरीत सगळे डोळ्यांपुढे उभे केलेस. ज्या आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, त्याच आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, वर्ष संपते आणि नवा सौदा ठरतो. ही दुसरी आखाजी तुझ्या भाषणात आली नाही. ती मलाही पुष्कळ वर्षे दिसत नव्हती, म्हणून हे रागाने लिहीत नाही.

आपल्याकडे जे भिल्ल सालदार होते ते तुला आठवत असतील. तुझ्या आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला घरातले लहानथोर एकेरी हाक मारत, आणि तूही मारायचास. गोठ्याच्या कोनाड्यात त्यांचा कान तुटलेला कप असे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला चहा ओतायची रीत दाखवली होती: पातेले वर धरायचे, धार कपात पडली पाहिजे, काठाला काठ लागता कामा नये. चहा पिऊन झाल्यावर ते स्वतःच कप विसळून कोनाड्यात पालथा घालत. घरातली एकूण एक भांडी मी घासली, पण त्या कपाला सात-आठ वर्षांत माझा हात लागला नाही आणि त्यात काही वावगे आहे असे मला एकदाही वाटले नाही. वाईट वागतो आहोत हे माणसाला कळत तरी असते, अशी माझी समजूत होती; तसे नसते.

तालुक्याच्या ग्रंथालयातून मी पुस्तके आणायचे हे तुला ठाऊक आहे. 'श्यामची आई' मी लहानपणी रडत रडत वाचले होते आणि अमळनेरच्या लेकीबाळींप्रमाणे साने गुरुजी आपलेच, असे मानत आले होते. ते मूळचे कोकणातले आणि इथल्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिक्षक होते एवढाच आपला हक्क. तुला झोपवताना ते पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा एका महार म्हातारीची मोळी पडते तो प्रसंग आला. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर. लहानपणी मला मोळी तेवढी दिसली होती. या खेपेला आंघोळ दिसली, आणि वाचता वाचता मी थांबले, म्हणून तू 'पुढे वाच' असा हट्ट धरलास. त्या माउलीची दया खरीच होती, तिने गावाच्या बोलण्याची पर्वा केली नाही, पण ती दया आंघोळीच्या दगडापर्यंत जाऊन थांबली. ते तसेच लिहून ठेवणाऱ्या लेखकाने पुढे, 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. आंघोळ न लपवण्याचा प्रामाणिकपणा आणि ते उपोषण यांचा संबंध असावा, असे मला वाटते.

त्यानंतर दया पवार यांचे 'बलुतं' हे दलित आत्मकथन हाती आले. मी ते चुलीपुढे बसून दोन दिवसांत संपवले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सालदारांना फळीवरच्या, घरच्या कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. मी म्हटले, "वर बठा ना ओट्यावर." ते म्हणाले, "आठेच बरं शे." चहा प्याले, कप विसळला आणि कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभे राहिले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले तर कोनाड्यात दोन कप पालथे होते. एक कान तुटलेला, एक नवा. एवढाच माझ्या क्रांतीचा हिशेब, आणि तो त्या माणसाला संकोचात टाकून झालेला.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता तू मिळवून वाच. आमचे दुःख स्टेजवर चढून दुसरेच आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय आहे. ती वाचल्यापासून मी कोणाचे दुःख सांगताना जरा चाचरते. आत्ताही चाचरतेच आहे. आणि बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा. ती उधन्याला घडते, आपल्या गावचे निम्मे लोक भुसावळ-सुरत गाडीने पोटासाठी जातात त्याच उधन्याला. तुझे मामा तेथे खोली शोधत फिरले, तेव्हा जात विचारल्यावर त्यांनी ती चटकन सांगितली आणि खोली मिळाली, हे आपण घरी हसत हसत सांगतो. ती कथा वाचल्यावर मला ते हसू आले नाही.

अहिराणीबद्दल तू आकडे दिलेस, त्यांत एक भर घाल. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा जो भाग 1907 मध्ये निघाला, त्यात भिल्ली आणि खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, एकाच खंडात आहेत. पोथीत शेजारी बसलेल्या या बोली आपल्या ओट्यावर मात्र एकत्र बसल्या नाहीत. झाडपाल्याची, पावसाच्या नाना तऱ्हांची आणि बैलांच्या रंगांची जी नावे तू भाषणात ऐटीत घेतलीस, त्यांतली बरीचशी तुला कोणी शिकवली हे आठवून पाहा. बाबांनी नाही, मी तर नाहीच. गोठ्यात बसून तू ती ज्यांच्याकडून उचललीस, त्यांचे नाव भाषणात नव्हते.

ते आता थकले आहेत. नदीपलीकडे वस्तीवर लेकाजवळ असतात. आखाजीला येशील तेव्हा त्यांना भेटायला जाऊ. वही घेऊन जायची की नाही हे तेथे गेल्यावर त्यांनाच विचारू. नको म्हणाले तर नुसते बसून येऊ. चहा त्यांच्या घरचा असेल आणि तो कोणत्या कपात द्यायचा हे त्यांची सून ठरवेल.

येताना पुण्याहून 'बलुतं'ची एक प्रत आण. मी वाचली ती ग्रंथालयाची होती, परत करावी लागली. बाजरी आणि लसणाची चटणी काकांच्या मुलाबरोबर पाठवली आहे, डबा लगेच परत कर.

तुझी,
माय